पुढचा चिमटा तीन इंच उतरवल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी साहेब,
दक्षिण विभाग, जिल्ह्याचे ठिकाण, यांचे सेवेशी

अर्जदार : गंगाराम बाबाजी वालावलकर, वय ५२, धंदा अर्ज लिहून देणे, राहणार धामापूर, तालुका मालवण

विषय : मोटारसायकलचा पुढचा चिमटा तीन इंच खाली घेण्याच्या प्रकरणी आपल्या कचेरीत नऊ महिने गेले, अशा अर्थाचा एका ओळीचा दाखला दिनांक १६ डिसेंबर १९६३ पूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडील पत्रे सहा. अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज अकरा. हा बारावा.

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे मालवणच्या कचेरीच्या पडवीत बाकावर बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहून देतो. वहिवाटीचे, पाणंदीचे, मेलेल्या बैलाचे, जिवंत भाऊ कागदावर मेल्याचे, असे सगळे अर्ज त्याच्या हातून गेले आहेत. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे; ‘मी’ वाचले की समोर कोणी माणूस उभा आहे असे वाटून साहेबांना त्रास होतो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावीत आला. स्वतःची पाळी आल्यावर नियम मोडणे बरे दिसत नाही, म्हणून इथेही अर्जदारच आहे. गिऱ्हाइकांना तो आणखी एक सांगतो, की मागणी आधी लिहावी आणि रडगाणे नंतर, कारण पहिल्या पानाच्या पुढे साहेब जातीलच असे नाही. तर मागणी अशी : अर्जदाराची मुलगी कुमारी सरला हिची शिक्षिकेची नोकरी उशिरा येण्यामुळे गेली आहे. उशीर का झाला याचा लेखी पुरावा १६ तारखेच्या सुनावणीत मांडला तर नोकरी परत मिळू शकते. तो पुरावा आपल्या एका ओळीत आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही.

२. सरला आज बावीस वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना तो उजवा पाय घेऊन गेला. मिरजेहून करून आणलेला लोखंडी पट्ट्यांचा बूट चढवला की ती उभी राहते, चालते, फळ्यासमोर पाच तास काढते. मात्र तो पाय गुडघ्यात वाकत नाही. ती नऊ वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हापासून घरात दोघेच. विहिरीवरून घागर आणण्याचे सोडले तर तिने कधी कोणाला हात लावू दिला नाही. जून १९६१ मध्ये ती कट्ट्याच्या पुढे कातळावर असलेल्या शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून रुजू झाली. घरापासून शाळा सात मैल. बस कट्ट्यापर्यंत जाते, पुढचा दीड मैल नुसता जांभा दगड, आणि त्यावरून लोखंडी बूट घसरतो. हे पाहून अर्जदाराने त्या दिवाळीनंतर सावंतवाडीच्या एका ठेकेदाराची वापरलेली मोटारसायकल घेतली आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर ती चालवायला शिकला. शिकताना दोनदा शेणखताच्या खड्ड्यात पडला, त्याचा इथे संबंध नाही.

संबंध आहे तो मागच्या बैठकीशी. ती जमिनीपासून बत्तीस इंच होती. न वाकणारा पाय घेऊन सरला तिथवर चढू शकत नव्हती. अर्जदार रोज सकाळी दारात तिच्या काखांत हात घालून तिला उचलून बसवी, शाळेसमोर उचलून उतरवी, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. शाळेतली पोरे रांगेत उभी राहून बघत. तीन महिने तिने सोसले. मग एके दिवशी ती शाळेच्या पायरीवर म्हणाली, “बाबा, माका उचलून बसवू नकात. पोरां बघतत. मी तेंची मास्तरीण आसंय, भाताची गोण न्हय.” त्याच संध्याकाळी अर्जदाराने गाडी कट्ट्याच्या बाजाराकडे वळवली.

३. कट्ट्याच्या बाजारात बाबली मिस्त्रीचे दुकान आहे. सायकली, स्टोव्ह, पाण्याचे पंप आणि जे कोणालाच दुरुस्त होत नाही ते, असे त्याचे काम. त्याने सरलेला पायाबद्दल एक शब्द विचारला नाही. दुकानातल्या फळ्या एकावर एक रचल्या आणि म्हणाला, “बाय, बसान बघ.” ती पाठमोरी झाली, हात टेकले, जमले नाही. त्याने एक फळी काढली. पुन्हा नाही. आणखी एक काढली. तिसऱ्या खेपेस ती आपली आपण बसली आणि म्हणाली, “हय. ह्या बरोबर.” बाबलीने टेप लावली. एकोणतीस इंच भरले. म्हणजे मधले अंतर तीन इंच. साहेब, या प्रकरणात जे काही पुढे झाले ते या तीन इंचांवर झाले.

बैठक खाली आणायची तर मागचे दोन्ही शॉक खाली घ्यावे लागतात. अर्जदाराला वाटले, तेवढ्यावर भागेल. बाबली म्हणाला, “दादानू, फाटसून खाली घेतलंय नि फुडसून तसोच ठेवलंय तर गाडी वळाची नाय, सरळ व्हाळात जातली.” म्हणून पुढचा चिमटाही, ज्याला आपल्या कागदात फोर्क म्हटले आहे, तेवढाच उतरवणे भाग होते. पहिल्यांदा त्याने चिमट्याच्या नळ्यांतल्या स्प्रिंगांचे तीन-तीन वेढे कापले. गाडी उतरली, पण चाकाला वरखाली व्हायची जागाच उरली नाही. प्रत्येक दगडावर चिमटा तळाला आदळे आणि सरलेचे दात वाजत. बाबलीने स्वतःच्या तोंडात मारून घेतली, कापलेल्या वेढ्यांच्या जागी पितळी कडी बसवून स्प्रिंगा पहिल्याएवढ्या केल्या आणि दुसरी युक्ती काढली. दोन्ही नळे ज्या पकडींत आवळलेले असतात त्या सैल करून नळे तीन इंच वर सरकवले आणि पुन्हा आवळले. त्यामुळे गाडीचे तोंड तीन इंच खाली आले आणि चाकाची वरखाली होण्याची पाच इंचांची जागा जशीच्या तशी राहिली. चाक वर येऊन घासू नये म्हणून त्याने मडगार्डची कड कातरली, आणि हिसका बसू नये म्हणून नळ्यांत उंडीच्या बियांचे तेल घातले. हे काम चौथी नापास माणसाने केले. पुढे तपासणीच्या दिवशी गाडी नवीसारखी नव्हे, पण नीट चालीने चालत होती, हे आपल्या तपासनीस साहेबांनीही तोंडी मान्य केले होते. ते फक्त कागदावर आले नाही.

४. आता अर्जदाराची चूक. ती कबूल केल्याशिवाय अर्ज पुढे नेऊ नये असे त्याला वाटते.

नळ्यांना हात लावण्यापूर्वी बाबली अडून बसला होता. गाडी घेतली त्या दिवशी अर्जदाराने ती गावच्या देवळासमोर नेऊन नारळ फोडला होता. बाबली म्हणाला, “गाडी देवीच्या पायार घातलेली आसा. तिका इचारल्याशिवाय मी पानो लावचंय नाय.” आमच्या गावात फणसाचे झाड तोडायचे, विहीर खणायची, मुंबईस जायचे, काहीही करायचे तर आधी कौल घेतात. देवीच्या दोन्ही अंगांना ओले तांदूळ लावतात. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. त्याप्रमाणे फेब्रुवारी १९६२ मधल्या एका सकाळी शिवा गुरवाने गाऱ्हाणे घातले. “आई माऊली, तुझ्या लेकराचो पाय अधू आसा. तां आपल्या पायार उभा रवान पोरांका शिकयता. ही गाडी तीन इंच खाली घेवची काय नाय, तां तूच सांग.” जमलेल्या चौघांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. उजवा दाणा पडला. अर्जदाराने नमस्कार केला आणि परवानगी मिळाली म्हणून निर्धास्त झाला.

बावीस वर्षे जो माणूस लोकांना सांगत आला की, बाबांनो, आधी लेखी परवानगी घ्या, आवक नंबर घ्या, पोच घ्या, त्याने स्वतःच्या गाडीच्या वेळी देवीला विचारले आणि साहेबांना विचारले नाही. घरातल्या गोष्टीला कोणी कचेरीत जातो का, असे त्याच्या मनात कुठेतरी असावे.

५. त्यानंतरचे एक वर्ष अर्जदाराच्या आयुष्यातले चांगले वर्ष होते, हे तो इथे मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्या फायलीत त्याचा उल्लेख नाही. सरला सकाळी बाहेर येई, गाडीला पाठ करून उभी राही, एक हात बैठकीवर टेकी आणि बसे. अर्जदाराने मागे वळूनही बघायचे नाही असा करार होता. ती बसली की त्याच्या खांद्यावर दोन बोटे टेकवी, मग त्याने गाडी सोडायची. शाळेचे मुख्याध्यापक गुरुदास मास्तर यांनी त्या वर्षाच्या शेऱ्यात लिहिले आहे, “उशीर : एकही दिवस नाही.” पोरे काही दिवस रांगेत उभी राहिली, बघण्यासारखे काही उरले नाही तेव्हा आपोआप पांगली.

६. गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर होती. ती आपल्या नावावर करून घ्यावी असा शहाणपणा अर्जदाराला सुचला आणि दिनांक १४ फेब्रुवारी १९६३ रोजी तो आपण होऊन मालवणच्या तपासणी कॅम्पवर गेला. कोणी पकडले नव्हते, कोणी तक्रार केली नव्हती. तपासनीस साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पट्टी लावली आणि विचारले, “परवानगी कोणाची घेतली?” अर्जदार खोटे बोलू शकला असता. त्याच्या हातून खोटे अर्ज गेले नाहीत असे नाही. पण त्या क्षणी तोंडातून खरे ते बाहेर आले, “देवीची घेतली साहेब, कौल उजवा झाला.” साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरा लिहिला, तो असा : “पुढील फोर्क व मागील शॉकमध्ये अनधिकृत फेरफार. मडगार्ड कातरलेले. फोर्कमध्ये वनस्पतिजन्य तेल. परवानगी धार्मिक स्वरूपाची.” नोंदणीपुस्तक ठेवून घेण्यात आले आणि पुढील हुकूम होईतो गाडी रस्त्यावर आणू नये असे बजावण्यात आले. अर्जदाराने ती मालवणहून धामापूरपर्यंत ढकलत आणली.

७. पुढचा पत्रव्यवहार आपल्याकडे आहेच. पण फाईल एका हाताने लिहिली जाते आणि दुसऱ्या हाताने वाचली जाते, मध्ये काही सांडते, म्हणून थोडक्यात.

मार्चमधल्या पहिल्या पत्राने उक्त परवानगीची साक्षांकित नक्कल मागितली. अर्जदाराने शिवा गुरवाचा जबाब अंगठ्यासह पाठवला. दुसऱ्या पत्राने विचारले की, कौल देणाऱ्या प्राधिकाऱ्यास यांत्रिक फेरफार मंजूर करण्याचे अधिकार कोणत्या कलमान्वये प्राप्त झाले, आणि गाडी तातडीने पूर्वस्थितीत आणावी. कलमाचे उत्तर देवीकडे नव्हते. बाबलीने नळे तीन इंच खाली सरकवून गाडी पुन्हा उंच केली. रस्त्यावर चालवायची बंदी, म्हणून ती बैलगाडीत घालून एप्रिलच्या कॅम्पला नेली आणि आता रीतसर मंजुरी द्यावी असा अर्ज केला. शेरा आला : “वाहनात कोणताही फेरफार आढळून येत नाही. नसलेल्या फेरफारास मंजुरी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.”

अर्जदाराने विचार केला, साहेबांचे बरोबर आहे, जे नाही ते मंजूर कसे करणार. मे महिन्यात त्याने गाडी पुन्हा उतरवून नेली. त्याच साहेबांनी त्याच पट्टीने मोजून त्याच शाईने लिहिले : “मंजुरीपूर्वीच फेरफार केल्याचे आढळते. सबब मंजुरी देता येत नाही. पूर्वस्थितीत आणावे.” मग अर्जदाराने अर्ज करून नम्रपणे विचारले की, वाहन नेमके कोणत्या उंचीला आणावे. उत्तर आले, “नियमाप्रमाणे आणावे.” अर्जदार अडाणी नाही. हे वाक्य त्याने बाकावर बसून तीनदा वाचले, मग शेजारी अर्जासाठी थांबलेल्या म्हाताऱ्याला वाचून दाखवले. म्हातारा म्हणाला, साहेब चांगला दिसतो, रागावला नाही.

जुलैच्या कॅम्पला साहेब पावसामुळे आले नाहीत, बैलगाडी आली होती. एकूण सात वेळा तो चिमटा वर गेला आणि खाली आला. सातव्या खेपेस बाबलीने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, “दादानू, ह्यो चिमटो काय बावीत सोडलेलो कळसो आसा? खाली सोड, वर वढ. नळ्यांचे आटे गेले, माझे हातय गेले.” त्याने या सात खेपांचे काही घेतले नाही. पाचव्या पत्राने फेरफाराचा नकाशा तीन प्रतींत मागितला. गुरुदास मास्तरांनी शाळेच्या कंपासाने तो काढून दिला. हे सगळे करताना अर्जदाराच्या मनात आपल्या कचेरीबद्दल राग नव्हता, असे लिहिण्याची पद्धत आहे. राग होता.

८. याच काळात सरला शाळेत कशी जात होती, ते कोणत्याच पत्राने विचारलेले नाही.

धामापूरला बस सकाळी येईल तेव्हा येते. तिची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते. कंडक्टर भला माणूस होता. तो दोन्ही हातांनी तिला वर ओढून घेई आणि बसमधली सगळी माणसे सरकून जागा देत. म्हणजे आता तिला उचलताना बापाऐवजी परका माणूस आणि बघायला सगळी बस. कट्ट्याला उतरून पुढचा दीड मैल कातळ. जूनपासून त्या कातळावर शेवाळ. लोखंडी पट्टी घासून पोटरीला जखम झाली, ती चिघळली, तिच्यावर फडके बांधून ती चालत राहिली. उशीर दहा मिनिटांचा, वीस मिनिटांचा, कधी तासाचा. गुरुदास मास्तरांना हजेरीवर लिहावे लागे; लिहिताना ते मान वर करीत नसत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उशिराचे दिवस एक्केचाळीस आणि रजा एकोणीस.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शाळेजवळच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आले. त्या दिवशी अर्जदार तिच्याबरोबर गेला होता. पलीकडे पोरे उभी होती. अर्जदाराने तिला न विचारता पाठीवर घेतले आणि पाणी ओलांडले. पाठीवर तिचे अंग दगडासारखे घट्ट झालेले त्याला कळले. पलीकडे उतरल्यावर तिने पातळ सारखे केले, पोरांना “चला वर्गात” म्हटले आणि आत गेली. घरी आल्यावर तिने चूल पेटवली, जेवण वाढले, आणि पाठ करून बसून जेवली. अर्जदाराला त्या दिवशी तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

९. दिनांक ३० सप्टेंबर १९६३ रोजी तिची हंगामी नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. कारण : वारंवार उशीर व गैरहजेरी. तिने टेबलाचा खण रिकामा केला, खडूचे तुकडे मुलींना वाटले आणि घरी आली.

दिनांक ११ नोव्हेंबर १९६३ रोजी आपले सहावे पत्र आले. त्यात पुढचा फोर्क व मागील बैठक तीन इंच खाली घेण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी देण्यात आली आहे. अर्जदाराने पहिली ओळ वाचली आणि, आता लिहायला हरकत नाही, त्याचे डोळे भरून आले. मग त्याने दुसरी ओळ वाचली. सदर मंजुरी ही संबंधित अपंग प्रवासी नोकरीनिमित्त नियमित प्रवास करीत असेतोवरच लागू राहील, सबब चालू नोकरीचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा वाहन पूर्वस्थितीत आणावे. साहेब, गाडी खाली घेतली म्हणून बंद झाली, बंद झाली म्हणून नोकरी गेली. आता नोकरी नाही म्हणून गाडी उंच करायची. पंधरा दिवस २६ नोव्हेंबरलाच संपले. बाबलीने आठव्या खेपेस पाना हातात घ्यायला साफ नकार दिला आहे आणि अर्जदाराने त्याला आग्रह केलेला नाही.

१०. सरलेने वरिष्ठांकडे अपील केले आहे. ते तिने स्वतः लिहिले. तालुक्यातली अर्धी माणसे ज्याच्याकडून अर्ज लिहून घेतात त्याच्या घरात, त्याच्या समोरच्या खांबाला टेकून बसून, तिने आपल्या हाताने लिहिले. अर्जदार म्हणाला, निदान मायना बघू दे. ती म्हणाली, “बाबा, ह्या माझा मी लिवतंय.” पायाचा उल्लेख तिने कुठेही केला नाही, फक्त ‘वाहन बंद असल्याने’ एवढे तीन शब्द घातले. सुनावणीच्या नोटिशीत त्या तीन शब्दांवर बोट ठेवून लेखी पुरावा मागितला आहे. तो मागायला ती आपल्या कचेरीच्या पायऱ्या चढणार नाही, कारण तिच्या मते गाडी बापाची, प्रकरण बापाचे, आणि तिला कोणाची सवलत नको. पुराव्याशिवायच हजर राहणार, असे ती म्हणते. पुराव्याशिवाय हजर राहिलेल्या माणसाचे काय होते ते अर्जदार बावीस वर्षे पडवीतून बघत आला आहे.

११. तरी विनंती अशी. ‘दिनांक १४ फेब्रुवारी ते ११ नोव्हेंबर १९६३ या काळात सदर वाहन या कचेरीच्या आदेशाने बंद होते’, एवढी एकच ओळ आपल्या सहीशिक्क्यानिशी मिळावी. तिच्यात चूक कोणाची ते लिहू नये. दिरंगाई हा शब्द विषयातही घातलेला नाही, दाखल्यातही नको. दया, सहानुभूती, अपंग यांपैकी काहीही नको. ओळ लिहून सोबत जोडली आहे, आपल्याला फक्त सही करायची आहे. गाडीचे काय करायचे ते आपण नंतर सावकाश ठरवावे. उंच म्हणाल तर उंच, खाली म्हणाल तर खाली, मोडून टाका म्हणाल तर अर्जदार स्वतः मोडील.

आणि एक. आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर वर संदर्भ म्हणून अर्जदाराचे नाव व अर्जाची तारीख टाकतात. या दाखल्यावर ती टाकू नये. दाखला सरलेच्या नावाने, थेट तिला, कचेरीने आपण होऊन पाठवल्यासारखा जावा. हा अर्ज केल्याचे तिला माहीत नाही आणि कळू नये. बापाने मागून आणला असे तिला दिसले तर ती तो सुनावणीत दाखवणार नाही, फाडून टाकील, आणि तिचे बरोबरच असेल. तिने सांगितले होते, उचलू नका. अर्जदार पुन्हा उचलतो आहे, फक्त या खेपेस तिला हात दिसू नये एवढेच त्याचे मागणे आहे.

आपल्या दाराशी बारा वेळा आलेला,

गंगाराम बाबाजी वालावलकर
धामापूर, दिनांक २ डिसेंबर १९६३

सोबत :
१. दाखल्याचा मसुदा, एक ओळ.
२. आपल्या सहाही पत्रांच्या नकला.
३. गुरुदास मास्तरांचा १९६२ सालचा शेरा. नक्कल.
४. स्प्रिंगांचे कापलेले वेढे सहा, पत्र्याच्या डबीत. परत पाठवण्याची गरज नाही.
५. तिकीट लावलेले पाकीट एक. पत्ता कुमारी सरला वालावलकर हिचा. अर्जदाराचे अक्षर ती लांबूनही ओळखते, म्हणून पत्ता बाबली मिस्त्रीकडून लिहून घेतला आहे. अक्षर वाईट आहे, पण लागते. कृपया हेच पाकीट वापरावे.